औषधजन्य वृक्कशोथ आणि ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने बालवैद्यकातील एका रोगाविषयी लिहावे, हे वाचकांपैकी पुष्कळांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभीच थोडा खुलासा करणे इष्ट होय. औषधांच्या सेवनाने बालकांच्या मूत्रपिंडांना जो शोथ येतो, तो ओळखण्याच्या कामी प्रयोगशाळेतील परीक्षांचे साहाय्य मर्यादित असते. आईवडिलांना कोणते प्रश्न कोणत्या शब्दांत विचारले आणि त्यांच्या उत्तरांचा काय अर्थ लावला, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. प्रश्नोत्तरांचा अर्थविचार हा आपल्या शास्त्राचा विषय आहे. उपचार सुचविण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही व तसा हेतूही नाही. या निदानप्रक्रियेत चिन्ह, नाम आणि अनुमान यांचे परस्परसंबंध कसे असतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

‘निदान’ हा शब्द आज आपण ‘रोग ओळखणे’ या अर्थाने वापरतो. आयुर्वेदाच्या परिभाषेत मात्र त्याचे दोन अर्थ आहेत. व्यापक अर्थाने निदान म्हणजे रोगज्ञानाचे साधन. संकुचित अर्थाने निदान म्हणजे रोगाचा हेतू. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच अंगांना मिळून ‘निदानपंचक’ म्हणतात. त्यांतील पहिले अंग या दुसऱ्या अर्थाचे आहे. बहुतेक रोगांत हे दोन अर्थ वेगळे ठेवता येतात. रोग ओळखला गेला, तरी त्याचा हेतू अज्ञात राहू शकतो, आणि तरीही उपचार चालू शकतात. औषधजन्य वृक्कशोथात तसे करता येत नाही. उपचाराचे पहिले पाऊल म्हणजे दोषी औषध थांबविणे. ते औषध कोणते हे कळले नाही, तर रोग ओळखूनही न ओळखल्यासारखाच होतो. या रोगात ‘निदान’ शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

१. रोगाचे स्वरूप

मूत्रपिंडात सूक्ष्म घटकांची संख्या फार मोठी असते. प्रत्येक मूत्रपिंडात ती सरासरीने दहा लाखांच्या आसपास धरतात. प्रत्येक घटकात रक्त गाळणारा केशिकांचा एक गुच्छ असतो आणि गाळलेल्या द्रवातून उपयुक्त द्रव्ये परत शोषून घेणारी एक नलिका असते. नलिकांच्या दरम्यानच्या विरळ जागेला अंतराल म्हणतात. औषधजन्य शोथ मुख्यतः या अंतरालात होतो, म्हणून त्याला आंतराली वृक्कशोथ असे नाव आहे. अंतरालात सूज येते. तेथे लसिकापेशी, महाभक्षी पेशी आणि कित्येकदा इओसिनोफिल पेशी गोळा होतात व नलिकांच्या भिंतींत शिरतात. केशिकागुच्छ बहुधा शाबूत राहतात.

हा प्रकार विषबाधेहून निराळा आहे. विषबाधेत द्रव्याची मात्रा वाढली की इजा वाढते. येथे औषध शुद्ध असते, मात्रा योग्य असते, आणि तेच औषध इतर असंख्य बालकांना सोसलेले असते. या एका बालकाची प्रतिकारयंत्रणा मात्र त्याला परके व शत्रुवत समजते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधामुळे अनेक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. तो प्रकार विषबाधेचा होता. ‘औषधामुळे मूत्रपिंड बिघडले’ हे एकच मराठी वाक्य दोन्ही घटनांना लागू पडते. पण पहिल्या घटनेत दोष द्रव्यात असतो, तर दुसरीत द्रव्य आणि व्यक्ती यांच्या संबंधात. ‘-मुळे’ हा शब्दयोगी प्रत्यय हा भेद दाखवीत नाही. निदान करणाराला तो दाखवावा लागतो.

२. नाव आणि त्रयी

‘नेफ्रायटिस’ या शब्दाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रीक भाषेत ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड. ‘-आयटिस’ हा मुळात विशेषण साधणारा स्त्रीलिंगी प्रत्यय होय. ‘रोग’ या अर्थाचा ‘नोसॉस’ हा ग्रीक शब्द व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषणही स्त्रीलिंगी झाले. मूळ अर्थ केवळ ‘मूत्रपिंडाचा रोग’ एवढाच. पुढे विशेष्य गळाले, विशेषणच नाम बनले, आणि त्या प्रत्ययाला ‘शोथ’ हा अर्थ उत्तरकाळी चिकटला. मराठीत या रोगासाठी ‘मूत्रपिंडदाह’ असाही शब्द योजला जातो. ‘दाह’ म्हटले की सामान्य माणसाच्या मनात जळजळ येते, आणि लघवीला जळजळ होत नाही म्हणून रोग नाही, असा ग्रह होऊ शकतो. प्रत्यक्षात या रोगात जळजळ बहुधा नसते. म्हणून ‘शोथ’ हाच शब्द येथे स्वीकारला आहे.

या रोगाचे पहिले विस्तृत वर्णन बॉस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञ विल्यम कौन्सिलमन यांनी १८९८ मध्ये केले. घटसर्प, लोहितांग ज्वर यांसारख्या संसर्गांनी दगावलेल्या रुग्णांच्या, प्रामुख्याने बालकांच्या, मूत्रपिंडांत त्यांना अंतरालातील पेशींची गर्दी दिसली. जंतू मात्र तेथे आढळले नाहीत. अर्थात प्रतिजैविकांच्या पूर्वीही हा शोथ होता. संसर्गाला शरीराने दिलेला तो दूरचा प्रतिसाद होता. संसर्ग आणि संसर्गावरील औषध ही दोन्ही एकाच विकृतीची कारणे असू शकतात, ही निदानातील अडचण तेव्हापासून या रोगाच्या पाठीशी लागलेली आहे.

१९६० च्या सुमारास मेथिसिलीन हे प्रतिजैविक वापरात आले, आणि काही वर्षांतच त्याच्या सेवनानंतर असा शोथ झाल्याची वृत्ते प्रसिद्ध होऊ लागली. बॉल्डविन व त्यांचे सहकारी यांचा १९६८ मधील लेख त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. ताप, अंगावर पुरळ आणि रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ ही लक्षणत्रयी त्या काळात रूढ झाली व पाठ्यपुस्तकांत स्थिर झाली. पुढे दोषी औषधांची यादी बदलली. इतर प्रतिजैविके, वेदनाशामके, अपस्माराची काही औषधे, आणि पोटातील आम्ल कमी करणारी औषधे यांचा तीत समावेश झाला. ओमेप्राझोलमुळे असा शोथ झाल्याचे वृत्त १९९२ मध्ये आले. मेथिसिलीन आता उपचारात वापरले जात नाही. ते नाव मुख्यतः त्याला दाद न देणाऱ्या जंतूंच्या नावात उरले आहे. त्रयी मात्र राहिली. अलीकडच्या रुग्णमालिकांत, ज्या प्रामुख्याने प्रौढांच्या आहेत, ताप सुमारे एकतृतीयांश रुग्णांत, पुरळ एकपंचमांशांत, आणि तिन्ही लक्षणे एकत्र अशी दहांतून जेमतेम एकात आढळतात. एका औषधाच्या अनुभवावरून बनलेली व्याख्या ते औषध गेल्यावरही शब्दरूपाने टिकून राहिली, असा हा प्रकार आहे. त्रयी दिसली तर संशय बळावतो. ती दिसली नाही म्हणून रोग नाही असे म्हणणे हा तर्कदोष होय.

३. एक कल्पित उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित रुग्ण घेऊ. सहा वर्षांची एक मुलगी, उंची ११० सेंटिमीटर. तीन आठवड्यांपूर्वी तिला घशाचा संसर्ग झाला. दहा दिवस प्रतिजैविक आणि मधूनमधून तापाचे पातळ औषध दिले गेले. घसा बरा झाला. आता ती जेवत नाही, सकाळी ओकारी होते, चेहरा फिका दिसतो, वजन थोडे उतरले आहे, आणि पूर्वी रात्रभर झोपणारी ही मुलगी दोनदा लघवीला उठते. अंगावर पुरळ नाही, सूज नाही, लघवी कमी झालेली नाही.

यांतील एकही चिन्ह मूत्रपिंडाकडे उघडपणे निर्देश करीत नाही. ‘मूत्रपिंड बिघडले की लघवी बंद होते’ हा समज सार्वत्रिक आहे; परंतु या रोगात नलिकांची लघवी घट्ट करण्याची शक्ती प्रथम जाऊ शकते, आणि मग लघवी कमी न होता उलट वाढते. रात्रीचे उठणे हे येथे अर्थपूर्ण चिन्ह आहे. पण आई ते पाणी जास्त पिण्याच्या खाती टाकते.

रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन ०.९ मिलिग्रॅम येते. अहवालावर छापलेली प्राकृत मर्यादा प्रौढांची असेल, तर हा आकडा निर्दोष दिसतो. क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते, आणि लहान बालकाचे स्नायू थोडे. सहाव्या वर्षी ०.४ च्या आसपासचा आकडा अपेक्षित असतो. श्वार्ट्झ यांच्या २००९ मधील सुधारित सूत्राप्रमाणे उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागले असता गालनाच्या गतीचा अंदाज मिळतो. या मुलीच्या बाबतीत ०.४ ला तो सुमारे ११४ येतो, तर ०.९ ला सुमारे ५०. प्रकृती झपाट्याने बदलत असताना हे सूत्र काटेकोर राहत नाही, हे खरे. तथापि गालन अर्ध्याहून खाली आले असावे, एवढे त्यावरून कळते. आकडाही एक चिन्हच असतो, आणि कोणत्याही चिन्हाप्रमाणे त्याचा अर्थ संदर्भाने ठरतो.

लघवीच्या तपासणीत पू-पेशी पुष्कळ, प्रथिन थोडे, आणि साखर आढळते. रक्तातील साखर मात्र प्राकृत आहे. पू-पेशी पाहून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असे ठरविले जाण्याची शक्यता येथे फार मोठी आहे. तसे ठरले, तर मुलीला पुन्हा प्रतिजैविक मिळेल, कदाचित पहिल्याच जातीचे. म्हणजे ज्या द्रव्याने रोग झाला, तेच द्रव्य रोगावरचा उपाय म्हणून दिले जाईल. दोन गोष्टी या चुकीपासून वाचवू शकतात: लघवीच्या नमुन्यात जंतूंची वाढ न होणे, आणि रक्तात जास्त साखर नसताना ती लघवीत उतरणे. जंतूंविना पू-पेशी हे अंतरालातील शोथाचे चिन्ह असू शकते. प्राकृत रक्तशर्करेसह लघवीतील साखर हे नलिकांच्या इजेचे. ही दोन्ही एकत्र वाचली, म्हणजे औषधांविषयी पुन्हा विचारपूस करण्याची वेळ येते.

४. प्रश्नाचे व्याकरण

“मुलीला काही औषध चालू आहे का?” हा प्रश्न वैद्य सहजपणे विचारतो. “नाही डॉक्टर, काहीच नाही,” असे आई सांगते. तिचे उत्तर शब्दशः खरे आहे. ‘चालू आहे’ या क्रियारूपाने चालू वर्तमानकाळच विचारला गेला, आणि प्रतिजैविक तर दहा दिवसांपूर्वी संपले. रोगाचा काळ मात्र वर्तमानाशी बांधलेला नाही. प्रतिजैविकांच्या बाबतीत सेवनापासून रोगापर्यंत काही दिवस ते काही आठवडे जाऊ शकतात. वेदनाशामके व आम्लशामके यांच्या बाबतीत काही महिने. आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन खंड पडून पुन्हा सुरू केले, तर एका दिवसाच्या आतही हा प्रकार घडू शकतो. म्हणून प्रश्नाचा काळ बदलणे अवश्य आहे: गेल्या दोन-तीन महिन्यांत मुलीच्या पोटात काय काय गेले, आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत?

दुसरी अडचण ‘औषध’ या शब्दाच्या अर्थक्षेत्राची आहे. घरगुती मराठीत औषध म्हणजे वैद्याने चिठ्ठीवर लिहून दिलेले, रोगासाठी घ्यावयाचे. तापाचे पातळ औषध घरातल्या कपाटात नेहमी असते. त्याचा निर्देश ‘जरा ताप होता म्हणून दोन चमचे दिलं’ अशा वाक्यात येतो, आणि ‘औषध’ या शीर्षकाखाली ते मोजले जात नाही. आजीने दिलेला काढा, शेजारणीने आणलेली पुडी, शक्तीसाठीचे टॉनिक, यांची गणना तर मुळीच होत नाही. म्हणून जातिवाचक नामाऐवजी उपजाती एकेक करून विचाराव्या लागतात: तापासाठी काय दिले, खोकल्यासाठी काय, पोटासाठी काय, भूक लागावी म्हणून काय, घरचे काही, दुकानातून आणलेले काही.

तिसरी अडचण नावांची. आईवडील औषध रंगाने, चवीने किंवा बाटलीच्या आकाराने ओळखतात. ‘तापाचं गुलाबी औषध’ हे त्यांच्या दृष्टीने पूर्ण नाव असते. त्या बाटलीत पॅरासिटामॉल एकटे आहे, की आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मिश्रणांप्रमाणे त्यासोबत आयब्युप्रोफेनही आहे, हे रंगावरून कळत नाही. आणि या रोगाच्या दृष्टीने तो भेद महत्त्वाचा आहे. आठवणीवर विसंबण्यापेक्षा घरातील सर्व बाटल्या, रिकामी वेष्टने व जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून आणावयास सांगणे, हा यावरचा साधा उपाय होय.

चौथी अडचण संभाषणाच्या नीतीची आहे. “हे कुणाच्या सांगण्यावरून दिलंत?” असा प्रश्न आला, की तो माहितीसाठी न राहता आरोप बनतो. सासूने दिलेल्या काढ्याचा उल्लेख सून सासूसमोर करणार नाही, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीचा उल्लेख वडील डॉक्टरांसमोर करणार नाहीत. उत्तर दडविले जाते ते खोटेपणाने नव्हे, लाजेने. “मूल तापलं की सगळेच काही ना काही देतात, तुम्ही काय दिलंत ते सांगा, म्हणजे आम्हांला वाट सापडेल,” अशा वाक्याने जे मिळते, ते उलटतपासणीने मिळत नाही.

५. परीक्षांची मर्यादा

लघवीतील इओसिनोफिल पेशी हे या रोगाचे खास चिन्ह म्हणून दीर्घकाळ मानले गेले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची ही परीक्षा व मूत्रपिंडाची बायोप्सी दोन्ही झाल्या होत्या अशा ५६६ रुग्णांचे निष्कर्ष ताडून पाहण्यात आले. एक टक्क्याची मर्यादा धरली असता आंतराली वृक्कशोथ असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्केच या परीक्षेने ओळखले गेले. रोग नसलेल्यांपैकीही सुमारे ३२ टक्क्यांत ते चिन्ह दिसले. जे चिन्ह रोग असताना आणि नसताना जवळजवळ सारख्याच प्रमाणात दिसते, ते काहीच सांगत नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत येथे व्याप्तीच नाही. ध्वनिलहरींच्या चित्रणात मूत्रपिंडे मोठी व अधिक उजळ दिसू शकतात, किंवा प्राकृतही दिसू शकतात. लघवीतील सीएक्ससीएल९ या प्रथिनाच्या मापनाविषयी २०२३ मध्ये आशादायक संशोधन प्रसिद्ध झाले; तथापि ते प्रौढांवरील आहे.

निश्चय बायोप्सीने होतो. कोपनहेगन येथील इव्हर्सन व ब्रुन यांनी १९५१ मध्ये सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि जे पूर्वी शवपरीक्षेतच दिसे ते जिवंतपणी पाहता येऊ लागले. बालकाच्या बाबतीत या परीक्षेला भूल लागते व रक्तस्रावाचा थोडा धोका असतो. त्यामुळे औषध थांबविताच क्रिएटिनिन उतरू लागले, तर कित्येक वैद्य ती टाळतात. न उतरले, किंवा निदानाविषयी संशय राहिला, तर ती करणे अवश्य ठरते. मात्र बायोप्सीसुद्धा शोथ आहे एवढेच सांगते. तो कोणत्या औषधाने झाला, हे सहसा सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा त्या पिशवीकडे आणि तारखांकडेच वळावे लागते.

सारखे दिसणारे इतर रोगही वगळावे लागतात. ओकाऱ्या-जुलाबांनी शुष्क झालेल्या बालकाला आयब्युप्रोफेन दिले, तर शोथ न होताही मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटून इजा होते. इंडियानापोलिस येथील २०१३ मधील अभ्यासात अशा वेदनाशामकांनी इजा झालेल्या २७ बालकांपैकी केवळ सहांना आंतराली वृक्कशोथ होता. दुसरा रोग डोब्रिन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये दोन किशोरवयीन मुलींत वर्णिला. त्यात अंतरालातील शोथासह डोळ्याच्या मधल्या थरालाही शोथ येतो, आणि औषधाचा संबंध असतोच असे नाही. डोळ्यांची तक्रार नसतानाही तो असू शकतो व काही महिन्यांनी उद्भवू शकतो. म्हणून अशा बालकांचे डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा, व पुढेही तपासत राहण्याचा, प्रघात आहे.

६. ‘नंतर’ आणि ‘मुळे’

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. आजारी मुलालाच औषध दिले जाते. म्हणून पुढे उद्भवणारे प्रत्येक दुखणे ‘औषधानंतर’चे असते, पण प्रत्येक ‘औषधामुळे’ झालेले नसते. ‘नंतर’ पासून ‘मुळे’ पर्यंत जाण्यासाठी पुरावा लागतो. नारान्हो व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये त्यासाठी दहा प्रश्नांची एक गुणपद्धती मांडली: दुष्परिणाम औषधानंतर उद्भवला काय, औषध थांबविल्यावर तो ओसरला काय, दुसरे कारण संभवते काय, इत्यादी. एकूण गुणांवरून संबंध निश्चित, संभाव्य, शक्य किंवा संशयास्पद ठरतो. त्यांतील एक प्रश्न औषध पुन्हा दिल्यावर काय झाले असा आहे. या रोगात तो प्रयोग बालकावर मुद्दाम करणे अर्थातच अनुचित होय. मग आधार उरतो तो औषध थांबविल्यानंतरच्या सुधारणेचा. निदानपंचकातील ‘उपशय’ तो हाच: उपाययोजनेला मिळालेल्या प्रतिसादावरून रोगाचे स्वरूप निश्चित करणे.

या अनुमानाला काळाची मर्यादा आहे. अंतरालातील शोथ काही आठवडे टिकला, तर तेथे तंतुमय व्रण बनू लागतात, आणि ते परत फिरत नाहीत. स्पेनमधील २००८ च्या बहुकेंद्री अभ्यासात स्टेरॉइड दिलेल्या ज्या रुग्णांचे मूत्रपिंड पूर्ववत झाले, त्यांना औषध थांबविल्यापासून सरासरी १३ दिवसांनी ते सुरू झाले होते. ज्यांचे पूर्ववत झाले नाही, त्यांना सरासरी ३४ दिवसांनी. हा अभ्यास प्रौढांचा व मागे वळून पाहणारा आहे, आणि स्टेरॉइडच्या उपयोगाविषयी वैद्यांत एकमत नाही. तरीही विलंबाची किंमत त्यावरून कळते. आपल्या उदाहरणातील मुलीच्या बाबतीत ‘काहीच चालू नाही’ हे उत्तर जसेच्या तसे स्वीकारले गेले, आणि मूत्रसंसर्ग समजून आणखी दहा दिवस प्रतिजैविक दिले गेले, तर या दोन आकड्यांमधील अंतराचा निम्मा भाग एका वाक्याच्या अपुऱ्या अर्थबोधात खर्ची पडेल.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट नमूद करावयाची आहे. ज्या बालकाला एकदा असा शोथ झाला, त्याला तेच औषध, आणि बहुधा त्याच कुळातील दुसरेही, पुन्हा देऊ नये असा दंडक आहे. परंतु बालक मोठे होते, गाव बदलते, वैद्य बदलतो. ‘मला लहानपणी कसल्याशा औषधाने त्रास झाला होता’ एवढीच स्मृती उरते, आणि तिचा पुढच्या वैद्याला काही उपयोग नसतो. म्हणून दोषी औषधाचे नाव, बाजारातील नव्हे तर द्रव्याचे, आणि ते दिल्याच्या तारखा, आईवडिलांना समजेल अशा मराठीत कागदावर लिहून देणे व तो कागद मुलाच्या लसींच्या कार्डाबरोबर जपावयास सांगणे, हे निदानाचेच अखेरचे अंग समजले पाहिजे. रुग्णाशी आपल्या भाषेत कसे बोलावे, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीत अद्याप फारसा झालेला नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना दवाखान्यातील प्रश्नोत्तरांकडे वळावे, अशी सूचना करून हा लेख येथे पुरा करतो.